रामाकोन्याच्या पेटीवरचं अक्षर

मी खोटं बोललो नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. सौसरच्या संत्र्याच्या शेडमध्ये माणसं गोळा झाली होती. माझ्या हातात कुणाचा तरी मोबाइल होता आणि त्यात एका उघडलेल्या पेटीचा फोटो. पेटीवरचं अक्षर माझ्या बहिणीचंच आहे का, असं मला विचारलं गेलं. मी फोटो मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. मग म्हणालो, "अक्षर तर बाईचंच दिसते."

अक्षर तिचंच होतं. पण तिनं ते लिहिलं नव्हतं. ते माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरमधून निघालं होतं आणि हे त्या शेडमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं. दुसरा माणूस फळ्यांच्या ढिगावर बसून माझ्याकडे पाहत होता. मी गप्प बसलो. माझी बहीण सगळ्यांसमोर लबाड ठरली आणि मी तिच्याच घरी जेवून पांढुर्ण्याला परत आलो.

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. माझं पांढुर्ण्यात फ्लेक्सचं दुकान आहे: बॅनर, पाट्या, पत्रिका, मोटारसायकलच्या नंबरप्लेटपासून नेत्यांच्या वाढदिवसापर्यंत सगळं. बाईचं सासर रामाकोन्याकडे. घरचा संत्र्याचा बगीचा आहे, फार मोठा नाही, पण झाडं नीट राखलेली. बहर आला की घरचा माल आणि शेजारच्या चार बगीच्यांचा माल सौसरच्या शेडमध्ये येतो आणि बाई तिथे बायकांना घेऊन पेट्या भरायला बसते. छाटणी करायची, तळाला तणस, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, घालायची, फळ लावायचं, पुन्हा तणस, पुन्हा फळ, वरून फळ्या ठोकायच्या. मग पेटीच्या अंगावर गावाचं नाव आणि मालाचा दर्जा लिहायचा. 'रामाकोना, मोठा.' 'रामाकोना, मध्यम.'

या लिहिण्याला एक नियम आहे. कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळे पाळतात. पेटीचा तळ ज्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिला, त्यानंच तिच्यावर लिहायचं. मालकानं लिहायचं नाही, ट्रकवाल्यानं नाही. दूरच्या बाजारातला अडत्या प्रत्येक पेटी उपसून तळ पाहत बसत नाही. तणस एकदा विस्कटली की फळ दबतं आणि पेटी वाया जाते. म्हणून तो बाहेरचं अक्षर पाहतो. हे कुणाचं अक्षर, एवढं कळलं की आतला तळ त्याला कळतो. बाईच्या अक्षराच्या पेट्या उघडल्याच जायच्या नाहीत. तिकडचे लोक तिला ओळखत नव्हते, तिचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. पण ते अक्षर आलं की पेटी सरळ पुढे जायची.

बाई म्हणजे काही गरीब, सोशिक बाई नव्हे. तिच्या तोंडाला शेड घाबरायचं. एकदा शेजारच्या एका काकांनी हिरवी, बारीक फळं मध्येच सरकवायचा प्रयत्न केला. बाईनं एक फळ उचलून त्यांच्या नाकासमोर धरलं.

"काकाजी, हे संत्र आहे का लिंबू?"

"अव, पिकते ते रस्त्यानं."

"मंग रस्त्यावरच ठेवा ना. माह्या पेटीत कायले टाकून राहिले? घरी न्या, काकूले म्हना लोणचं घाल."

बायका हसल्या, काकाही हसले आणि टोपली उचलून घेऊन गेले. तिच्या अक्षराच्या मागे हे सगळं होतं. मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याजवळ नाही.

आणि ते अक्षर दिसायलाही देखणं होतं, हेच माझं दुर्दैव. शिंदीची काडी ठेचून तिची कुंची, म्हणजे ब्रश, बाई स्वतः करायची. काळ्या रंगात तारपीन घालून तो पातळ करायची. पेटी आडवी पाडून आधी खालची अक्षरं, मग वरची रेघ एका दमात. सुरुवातीला अक्षर भरदार असायचं, पुढे कुंचीचे केस फाकायचे आणि मधूनमधून लाकूड दिसायचं. 'ठा'चा काना खाली जाताना जरा बाहेर झुकायचा. ती कुंची दर पेटीला रंगात बुडवायची नाही, त्यामुळे एक पेटी ओली, दुसरी कोरडी, तिसरी खरखरीत. कुठलीच दोन अक्षरं सारखी नसायची, तरी लांबून पाहिलं की एकाच माणसाची वाटायची. मी आयुष्यभर कॉम्प्युटरवर गुळगुळीत अक्षरं लावत आलो. त्या खरखरीत अक्षरासमोर माझा सगळा धंदा मला मेणाचा वाटायचा.

आधी मी पेट्यांचे फोटो काढले. मग एका भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर, मी बाईसमोर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला.

"बाई, मले अ पासून ज्ञ पर्यंत सगळं लिहून दे ना. कुंचीनं."

"काहून? मले परत शाळेत घालून राहिला का?"

"असंच. दुकानात लावीन."

"तुह्या दुकानात येवढे मोठमोठे फोटो, त्यात माहं खरबडं अक्षर कायले?"

"मले आवडते."

तिनं ओट्यावर बैठक मारली आणि हसत हसत सगळी अक्षरं लिहून काढली. 'ङ' कसा काढायचा हे दोघांनाही आठवेना, तर म्हणाली, "हा कधी पेटीवर लागलाच नाई बाप्पा." भाऊजी बाजूला बसून टोमणे मारत होते: "साळेबुवा, दक्षिणा ठेवली का? फुकट विद्या लागत नसते." मीही हसलो. 'असंच' म्हणताना मी पुढचं सगळं ठरवलेलं होतं. तिचा फॉन्ट करायचा आणि बॅनरवर वापरायचा. हे सांगितलं असतं तर तिनं कदाचित हो म्हटलं असतं. पण विचारलं तर ती नाही म्हणू शकते, आणि मला तो धोका नको होता.

घरी येऊन मी एकेक अक्षर मोबाइलनं टिपलं, कॉम्प्युटरवर त्याची कड आखली, फाटलेल्या रेघा राखल्या, मात्रा बसवल्या, जोडाक्षरं जुळवली. त्यात माझी मेहनत होती, हे मी नाकारत नाही. पण फॉन्ट तयार झाल्यावर मी त्याला नाव दिलं ते माझ्या दुकानाचं. आज ते आठवलं की मला माझाच संताप येतो. ज्या बाईनं ओट्यावर बसून सगळी अक्षरं लिहिली, तिचं नाव द्यायला माझं काय जात होतं?

फॉन्ट चालला. पहिल्यांदा मी तो एका रसवंतीच्या पाटीला लावला. एकच शब्द, मोठा, पिवळ्यावर काळा, खाली पत्ता साध्या बारीक अक्षरात. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून पाहायचा. असं खरखरीत अक्षर असंच वापरायचं असतं. शब्द कमी, आकार मोठा, आजूबाजूला मोकळी जागा आणि सोबतीला एखादं शांत अक्षर. लहान केलं की त्याच्या फाटलेल्या रेघा बुजतात आणि नुसता चिखल उरतो. सावल्या, सोनेरी कडा, रंगांचे पट्टे चढवले की ते बहुरूप्यासारखं दिसतं. आरोळी द्यायला ते चांगलं, कानात बोलायला नाही. मला हे कळत होतं आणि काही दिवस मी ते सांभाळलंही.

मग मी ती फाइल ओळखीच्या एका दुकानदाराला दिली, मोठेपणा मिरवायला. त्यानं दुसऱ्याला दिली. वर्षभरात पांढुर्णा काय, सौसर काय, तिगावच्या स्टेशनाबाहेरचं चहाचं दुकानसुद्धा बाईच्या अक्षरात बोलायला लागलं. आमचा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा अभिनंदनाच्या बॅनरवर तेच. जिमच्या पाटीवर तेच. चिकन सेंटर, कोचिंग क्लास, पिझ्झा. एका रक्त तपासणीच्या लॅबनं ते लाल रंगात लावलं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत खून झाला आहे. एकानं त्यात लग्नाची पत्रिका केली. मुलीचा बाप ती घेऊन माझ्याच दुकानात आला, फॉन्टवर माझं नाव होतं ना.

"भाऊ, हे लगनाची पत्रिका आहे का कुस्तीच्या दंगलीची?"

"मी नाई केली, काकाजी."

"पण अक्षर तुमचं आहे म्हनते."

मी त्याला दुसरी पत्रिका करून दिली, आणि अक्षर माझं नाही, हे त्यालाही सांगितलं नाही.

श्रद्धांजलीच्या बॅनरवरही ते आलं. गेलेल्या माणसाच्या हार घातलेल्या फोटोखाली, पेटीवर मारल्यासारखे ठोकळे शब्द. मला त्या बॅनरवाल्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. शहरातून येणारे डिझाइनवाले तर वेगळेच. त्यांना हे अक्षर 'देशी', 'मातीतलं', 'रांगडं' वाटायचं. मॉलमधल्या लोणच्याच्या बाटलीवर ते लावायचं म्हणजे लोणचं कुणीतरी चुलीपाशी बसून घातलं असं वाटतं. कुठली चूल? कुणाचा हात? मशीननं भरलेल्या बाटलीला हाताचं सोंग लागतं आणि ते सोंग आमच्यासारखे लोक पुरवतात. खरबडेपणा हा त्यांना रंगाच्या डब्यासारखा मिळतो: उघडा आणि फासा. बाईची कुंची फाटायची, कारण ती शेकडो पेट्या लिहायची. तिचं अक्षर झुकायचं, कारण दिवसभर वाकून तिची कंबर झुकलेली असायची. त्याला तुम्ही स्टाइल म्हणता?

पण हा राग मी लोकांवर काढतोय आणि पुरवठा करणारा मीच होतो. त्यांनी निदान पिझ्झाच विकला. मी काय केलं ते पुढे आहे.

अंबिया बहराच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या संत्र्याच्या, तोंडावर सौसरचा एक व्यापारी दुकानात आला. गोड बोलणारा माणूस. खुर्चीवर बसला, चहा घेतला.

"भाऊ, ते ब्रशवालं देशी अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"त्याची स्क्रीन बनवून द्या. लाकडी फ्रेमवाली. रंग ओढला की छापा पडला पाहिजे."

"कशावर छापता?"

"लाकडावर."

"शब्द सांगा."

त्यानं खिशातून मोबाइल काढून पाहिल्यासारखं केलं. "रामाकोना. मोठा."

मी विचारलं, "माल रामाकोन्याचा आहे काय तुमचा?"

"आता माल म्हणजे काय भाऊ, या गावचा, त्या गावचा. संत्रा तर सगळा संत्राच असते. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

याच्या पुढे मला काही न कळायला मी लहान मूल नव्हतो. पेटीवर कोण लिहितं, का लिहितं, हे सगळं मला पाठ होतं. तरी मी काम घेतलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर हे अक्षर बहिणीचं आहे आणि मी ते तिला न विचारता घेतलं, हे बोलावं लागलं असतं. एक गोष्ट लपवायला मी दुसरी केली.

वाईट याचं की ते काम मी मन लावून केलं. वर्तमानपत्रावरची अक्षरं पेटीच्या मापाला नीट बसेनात, म्हणून मी पेट्यांचे जुने फोटो शोधून काढले आणि त्यातली अक्षरं उचलली. गुळगुळीत अक्षराचा छापा ओबडधोबड फळीवर लगेच उघडा पडतो, कडा तुटतात. खरखरीत अक्षराला ते सगळं शोभतं. फळीची गाठ, रंगाचा कमीजास्तपणा, सगळं त्याच्यात जिरून जातं. मी दुकानातल्या एका फळीवर छापून पाहिलं आणि मला ते बाईनं लिहिलं आहे असंच वाटलं. मी खूश झालो. हे लिहिताना लाज वाटते, पण खूश झालो.

त्या छाप्याच्या पेट्या दूरच्या बाजारात गेल्या. वरच्या थराला मोठी, चमकदार फळं. खाली बारीक, हिरवी आणि माशीनं टोचून सडलेली. अडत्यानं ओळखीचं अक्षर पाहून पेट्या न उघडता पुढे दिल्या आणि ज्यांनी घेतल्या त्यांनी त्याच्या तोंडावर आणून आपटल्या. त्याचा माणूस फोटो घेऊन सौसरला आला. बाईला शेडमध्ये उभं केलं. भाऊजींनी मला फोन केला: "साळेबुवा, लवकर या. तुमचा धंदाच अक्षराचा आहे. तुम्ही सांगा यांले, हे बाईचं नाई म्हनून."

मी पोचलो तेव्हा तो माणूस बाईला विचारत होता, "दीदी, ये लिखाई आपकी है कि नहीं?"

बाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. खोटं बोलणं तिला जमत नाही. "अक्षर माहंच आहे," ती म्हणाली. "पन ह्या पेट्या म्या नाई भरल्या. असा माल म्या जन्मात भरला नाई."

"लिखाई आपकी, पेटी किसी और की? ये कैसे होगा?"

ती माझ्याकडे वळली. "बाबू, तू पाह्य ना."

मग मी पाहिलं आणि वर लिहिलं आहे ते वाक्य बोललो. फळ्यांच्या ढिगावरचा व्यापारी उठला, पॅन्ट झटकली. "घ्या. सख्ख्या भावानं सांगतलं. आता काय राह्यलं?" आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. तो हात मी झटकलाही नाही. बायकांपैकी एक म्हातारी बाईला समजावल्यासारखी म्हणाली, "जाऊ दे व, कामाच्या गर्दीत नजर चुकते." म्हणजे तिच्या बाजूच्या लोकांनीसुद्धा मान्य केलं की चूक तिची. तेही माझ्यामुळे.

त्यानंतर बाईच्या पेट्या उघडल्या जाऊ लागल्या. तणस विस्कटायची, फळ दबायचं, परत बोलणी तिलाच. शेजारच्या बगीचेवाल्यांनी माल दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. ज्यांचं लिंबू तिनं परत पाठवलं होतं ते काकाही गेले. बाईनं कुंची हातात घेणं बंद केलं. ती नुसती छाटणी करायची आणि लिहायला दुसरीला सांगायची.

संक्रांतीला मी गेलो तेव्हा तिच्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं दिसली.

"कायच्या गोया आहे, बाई?"

"विसरभोयेपनाच्या. डॉक्टर म्हने, वय झालं की होते असं." ती तिळाचे लाडू डब्यात भरत होती. "मी लय विचार केला रे बाबू. अक्षर माहं, हे तर खरं. मंग मीच लिहिलं असन ना? दुसऱ्यानं भरलेल्या पेटीवर मीच गुंगीत कुंची फिरवली असन. मले आठवत नाई, म्हनजे भूलच पडली. आता घरात मीठ टाकलं का नाई, तेबी दोनदा चाखून पाह्यतो."

भाऊजी बाहेरून ओरडले, "अन् दोनदा टाकते बी!" त्यांना हसवायचं होतं. ती हसली नाही.

माझ्या तोंडात लाडू होता. तो मी गिळला. आणखी एक घे म्हणाली, तोही घेतला. एका धडधाकट बाईला मी तिच्याच डोक्यावर संशय घ्यायला लावला होता. तिला नसलेल्या आजाराचं औषध ती घेत होती, आणि मी म्हणालो, "गोया येळेवर घेत जाजो."

आणखी काय सांगू? यापेक्षा नीच वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

मृग बहराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडचा, माल निघायच्या आधी बाई आणि भाऊजी माझ्या दुकानात आले. बस सावरगावच्या बाजूनं आली, नदीवरच्या पुलापासून चालत आले असं भाऊजी म्हणाले. बाई स्टुलावर बसली. तिच्या डोक्यावर तिच्याच अक्षरातला एक बॅनर वाळत होता, कुठल्याशा ढाब्याचा. तिनं मान वर करून तो पाहिला.

"आजकाल सगळेच असं खरबडं काढते का रे? एकदम माह्यासारखं."

मी म्हणालो, "फॅशन आहे."

"असन बाप्पा." मग पदर सावरून म्हणाली, "मले एक फ्रेम पाह्यजे. तुह्याकडे बनते म्हनते. पेटीवर छापाले. गावाचं नाव, मोठा, मध्यम. साधं अक्षर टाकजो, पुस्तकातल्यावाणी. सरळ."

"काहून? तू लिहीत जा ना."

"माह्या हाताचा भरोसा माह्यावर नाई राह्यला. मशीनचं अक्षर चुकत तरी नाई."

भाऊजी, ज्यांना एरवी कशावरही टोमणा सुचतो, ते बाहेर रस्त्याकडे पाहत होते.

मी फ्रेम उद्या देतो म्हणालो. ते गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला आणि साध्या अक्षरात 'रामाकोना' टाकलं. सरळ, स्वच्छ, कुणाचंच नसलेलं. तीच मागत होती ते. ते देऊन टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं. व्यापारी गप्प, मी गप्प, बाई गोळ्या घेत राहिली असती आणि लोक म्हणाले असते, भावानं बहिणीला मदत केली. मला त्या पडद्यावरच्या स्वच्छ अक्षराची शिसारी आली. ते तसंच सोडून मी जुनी फाइल काढली आणि व्यापाऱ्याला दिली होती तशीच्या तशी स्क्रीन पुन्हा बनवली. संध्याकाळच्या आत तयार झाली. बाईनं सारा जन्म घालून जे कमावलं, ते एका दुपारात चौकटीवर ताणून होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन सौसरच्या शेडमध्ये गेलो. माल उतरत होता. बायका छाटणीला बसल्या होत्या, बाई त्यांच्यात. बगीचेवाले होते, ट्रकवाले होते, तो व्यापारीही वजनकाट्यापाशी उभा होता. मी भाऊजींना म्हटलं, अडत्याच्या माणसाला मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावा. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "लावा फक्त."

मी दोन रिकाम्या पेट्या आडव्या पाडल्या. पहिलीवर फ्रेम ठेवून रंग ओढला. मग दुसरीवर. फ्रेम उचलली. दोन्हीवर 'रामाकोना, मोठा'. दोन्ही ठिकाणी काना तसाच झुकलेला, रेघ त्याच जागी फाटलेली, लाकूड त्याच जागी दिसणारं. मी दोन्ही पेट्या शेजारी लावून उभ्या केल्या.

हातानं लिहिलेल्या दोन पेट्या अशा कधीच निघत नाहीत. मग ते लिंबूवाले काका पुढे आले, वाकले आणि फोटोतल्या पेटीची आठवण झाल्यासारखे सरळ झाले. "अरे! म्हनजे हे..."

"मी बनवली," मी म्हणालो. "बाईचं अक्षर चोरून." व्यापाऱ्याकडे बोट केलं. "यानं नेली. मी दिली."

"भाऊ, काहीही बोलू नका," व्यापारी म्हणाला. "फ्रेम कोनीबी बनवते. माल कोनाचा होता, हे काय तुमी पाह्यलं?"

"तू शब्द काय सांगतले होते?"

तो वजनकाट्याकडे सरकला. त्याच्या मागे दोघं बगीचेवाले गेले, आवाज चढले. मोबाइलमधून अडत्याचा माणूस "क्या हुआ, क्या हुआ" करत होता आणि भाऊजींच्या हातातला मोबाइल जमिनीकडे झुकला होता. छाटणीच्या बायकांपैकी एक माझ्याकडे पाहून थुंकली. "सख्ख्या बहिणीले बे?" कुणीतरी मागून म्हणालं. "अन् संक्रांतीचे लाडू खाल्ले असतीन भोसडीच्यानं." मी मान खाली घातली. ते बरोबरच होतं.

भाऊजी माझ्याजवळ आले. वाटलं, मारतील. ते एवढंच म्हणाले, "साळेबुवा, तिले सांगा. मले नका सांगू."

बाई उठली नव्हती. तिच्या मांडीवर तणस होती आणि हातात एक फळ. ती दोन्ही पेट्यांकडे एकदा पाहायची, एकदा माझ्याकडे. मी तिच्यासमोर जाऊन खाली बसलो. मग जसं आलं तसं बोललो:

"बाई, तुले भूल नोती पडली. एकदाबी नाई. त्या पेट्यांले तुहा हात लागला नाई. मी तुह्याकडून अक्षरं लिहून घेतली, तुले खोटं सांगतलं, त्याचा धंदा केला अन् याले विकलं. मले माहीत होतं तो काय करन ते. मंग इथंच उभा राहून तुह्यावर ढकललं, सगळ्यांइच्या समोर. तू मले पाह्य म्हनलं अन् मी तुले बुडवलं. तू गोया खात होती अन् मी पाह्यत होतो. मी चुकलो, बाई. तू मले माफ करशीन का नाई, ते मी नाई विचारत. तुहं डोकं ठीक आहे, येवढं आयक. त्या गोया आजपासून घेऊ नको."